अदलाबदलीचे साधन आणि अनन्य वस्तू : इलेक्ट्रिक बेस गिटारच्या मोलाचा इतिहास

१

वस्तूचे मोल कशात असते हा प्रश्न जितका अर्थशास्त्राचा तितकाच इतिहासाचाही आहे. एखादी वस्तू ज्या हेतूने निर्माण झाली तो हेतू आणि पुढे ज्या कारणाने तिला मोल चढले ते कारण, ही दोन्ही एकच असतात असे नाही. पुष्कळदा ती परस्परांच्या उलट असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेली इलेक्ट्रिक बेस गिटार हे ह्या विरोधाचे एक बोलके उदाहरण होय. १९५१ साली हे वाद्य बाजारात आले तेव्हा त्याच्या रचनेमागील मुख्य विचार असा होता की, कोणताही एक नग दुसऱ्या नगासारखा असावा, त्याचा कोणताही भाग मोडल्यास तसाच दुसरा भाग तेथे बसविता यावा आणि त्याची किंमत सामान्य वादकाच्या आवाक्यात असावी. त्यानंतर सत्तर वर्षांच्या आत, तिच्यासारखी दुसरी नाही एवढ्याच कारणासाठी जाणकार एकेका बेस गिटारला मोठी किंमत देऊ लागले.

आज उच्च मोलाच्या बेस गिटारींचे स्थूलमानाने दोन वर्ग दिसतात. पहिला वर्ग छोट्या कार्यशाळांत नामांकित कारागिरांनी घडविलेल्या वाद्यांचा. त्यांतील उत्कृष्ट वाद्यांची किंमत दहा हजार डॉलरच्याही वर जाते. दुसरा वर्ग १९५० च्या व १९६० च्या दशकांत कारखान्यात तयार झालेल्या आणि मूळ स्थितीत टिकून राहिलेल्या वाद्यांचा. तोही किमतीच्या दृष्टीने त्याच पंक्तीला बसतो. ह्या दोन वर्गांचे धनी आपापल्या वाद्याची थोरवी सांगू लागले म्हणजे एकाचे म्हणणे दुसऱ्यास पटत नाही. ह्याचे कारण अभिरुचीचा भेद एवढेच नाही. ‘उत्तम’ ह्या एकाच शब्दाने ते दोन निरनिराळ्या इतिहासांविषयी बोलत असतात. ते इतिहास वेगवेगळे करून पाहणे आणि वाद्यांच्या तुलनेस त्यांपासून कोणती मर्यादा पडते हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचा आधार देण्याचे काम परंपरेने डबल बेस ह्या वाद्याकडे होते. माणसाहून उंच, पोकळ, उभे धरून वाजवावयाचे आणि पडदे नसलेले हे वाद्य प्रवासास अवघड होते. नृत्यगृहांतील वाद्यवृंदांत पितळी वाद्ये, ढोल आणि पुढे विजेवर चालणारी गिटार ह्यांचा आवाज वाढत गेला, तसतसा डबल बेसचा आवाज त्यांत बुडू लागला. ह्यावर तोड काढण्याचा एक लक्षणीय प्रयत्न सिएटल येथील पॉल टुटमार्क ह्यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात केला. ऑडिओव्हॉक्स ह्या नावाने त्यांनी विकलेले वाद्य भरीव लाकडाचे, पडदे असलेले आणि गिटारप्रमाणे आडवे धरावयाचे होते. म्हणजे पुढील बेस गिटारची बहुतेक लक्षणे त्यात आलेली होती. तथापि त्याचा प्रसार झाला नाही. वाद्याची कल्पना सुचणे आणि ते वाद्य वादकांच्या हाती रुळणे ह्यांत बरेच अंतर असते, हे ह्या उदाहरणावरून ध्यानात येते.

ते अंतर कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर (१९०९–१९९१) ह्यांनी तोडले. फेंडर हे वाद्यकारांच्या घराण्यातील नव्हते आणि गिटारवादकही नव्हते. रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणारा हा मनुष्य होता. वाद्याकडे तो यंत्र म्हणून पाहत असे आणि त्याची दृष्टी दुरुस्ती करणाऱ्याची होती. १९५१ च्या अखेरीस त्यांनी बाजारात आणलेल्या वाद्यास ‘प्रिसिजन बेस’ असे नाव दिले. दांडीवर पडदे असल्यामुळे बोट नेमके कोठे पडले ह्यावर स्वराचा खरेपणा अवलंबून राहात नसे. नावातील ‘अचूकता’ ती हीच. तारेची कंपनक्षम लांबी ३४ इंच, पडदे २०, ॲश लाकडाचे भरीव धड आणि मेपल लाकडाची दांडी अशी त्याची घडण होती. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, दांडी धडास सरसाने जोडलेली नव्हती. ती चार स्क्रूंनी आवळलेली होती. दांडी वाकली तर ती काढून दुसरी बसविता येत असे. किंमत सुमारे २०० डॉलर होती. पुढच्याच वर्षी ह्या वाद्यासाठी ‘बेसमन’ हा खास ध्वनिवर्धकही निघाला.

डबल बेसचे वादक आरंभी ह्या नव्या वाद्याकडे संशयाने पाहत होते; परंतु लायोनेल हॅम्टन ह्यांच्या वाद्यवृंदातील मंक मॉन्टगोमेरी ह्यांनी ते जॅझच्या रंगमंचावर वाजविले आणि हळूहळू त्याला प्रतिष्ठा आली. १९५७ मध्ये प्रिसिजन बेसचे रूप बदलून तिला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मिळाला. १९६० मध्ये निमुळत्या दांडीची व दोन पिकअपांची ‘जॅझ बेस’ आली. ह्या दोन नमुन्यांनी वाद्याचा साचा ठरवून टाकला. पुढील काळातील कारागिरांनी ह्या साच्याशी भांडण केले किंवा त्याला मान दिला. त्याकडे दुर्लक्ष मात्र कोणालाच करता आले नाही.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. यांत्रिक उत्पादन म्हणून ज्याचा गौरव होतो त्या ह्या कारखान्यातही शेवटचा हात माणसाचाच होता. दांड्या घासून त्यांना अंतिम आकार देणाऱ्या कामगारांपैकी तादेओ गोमेझ हे आपल्या नावाची आद्याक्षरे आणि तारीख दांडीच्या टोकावर पेन्सिलीने लिहीत. दांडी धडात बसली की ती अक्षरे झाकून जात. ज्या काळी ती लिहिली गेली त्या काळी त्यांना कारखान्याच्या हिशेबापलीकडे काही अर्थ नव्हता. पुढे त्यांना मोल कसे आले, हे चौथ्या विभागात दिसून येईल.

३

पहिली वीस वर्षे ‘महाग बेस गिटार’ ही कल्पनाच जवळजवळ नव्हती. ती उत्तर कॅलिफोर्नियात जन्मास आली आणि तिच्या जन्मास सुतारकामाबरोबरच विद्युत्‌शास्त्रही कारण झाले. १९६९ साली ग्रेटफुल डेड ह्या संगीतसमूहाच्या परिवारातून अलेम्बिक नावाची संस्था उभी राहिली. ध्वनिमुद्रण व ध्वनिवर्धन ह्यांच्या शुद्धतेचा ध्यास घेतलेल्या मंडळींपैकी रॉन विकरशॅम हे विद्युत्‌तज्ज्ञ आणि रिक टर्नर हे वाद्यकार ह्यांनी प्रथम जुन्या बेस गिटारींत सुधारणा केल्या आणि नंतर नवी वाद्ये घडविली. संस्थेच्या क्रमांकानुसार तिची पहिली बेस गिटार १९७२ साली जेफरसन एअरप्लेन समूहातील जॅक कॅसडी ह्यांच्यासाठी तयार झाली.

अलेम्बिकने कोणता प्रश्न सोडविला हे समजण्यासाठी पिकअपचे कार्य ध्यानी घ्यावे लागते. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली म्हणजे त्या वेढ्यांत विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतो. वेढे जितके अधिक तितका संकेत बलवान. परंतु त्याच प्रमाणात तो ध्वनिवर्धकापर्यंत नेणाऱ्या लांब केबलचा त्यावर परिणाम होतो आणि वरचे उपस्वर गळून जातात. अलेम्बिकने कमी वेढ्यांचे पिकअप वापरले आणि संकेताचे बळ वाढविणारे प्रीॲम्प नावाचे विद्युत्‌मंडल वाद्याच्या पोटातच बसविले. त्याबरोबर दांडी आणि धड ह्यांतील सांधाही काढून टाकला. वेगवेगळ्या लाकडांच्या पट्ट्या सरसाने जोडून केलेली दांडी वाद्याच्या टोकापर्यंत सलग नेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना धडाचे पंख लावले. अशा वाद्याची दांडी बदलता येत नाही. फेंडर ह्यांनी जी सोय मुद्दाम निर्माण केली होती ती येथे मुद्दाम सोडून दिली गेली. स्वर दीर्घकाळ टिकावा ह्यासाठी वाद्य अखंड असले पाहिजे, अशी तीमागील श्रद्धा होती.

स्टॅन्ली क्लार्क ह्यांनी १९७० च्या दशकात हे वाद्य हाती घेतले आणि बेस गिटारला साथीच्या रांगेतून उठवून मुख्य वाद्याच्या जागी बसविले. प्रत्येक स्वर स्पष्ट ऐकू येणारे वाद्य हाती आले तेव्हाच प्रत्येक स्वर ऐकण्याजोगा वाजविण्याची जबाबदारीही वादकावर पडली. वाद्य आणि वादनशैली ह्यांचा हा परस्परसंबंध उच्च मोलाच्या प्रश्नात सतत आढळतो. मागणी वादकाकडून येते. कारागीर ती पुरी करतो. आणि पुरी झालेली मागणी पुढच्या मागणीस जन्म देते.

ह्याचे दुसरे उदाहरण न्यू यॉर्कमध्ये घडले. अँथनी जॅक्सन ह्या वादकास चार तारांची व्याप्ती अपुरी वाटत होती. त्यांच्या मागणीवरून कार्ल थॉम्प्सन ह्यांनी १९७५ मध्ये सहा तारांची बेस गिटार घडविली. चार तारांच्या वाद्यात सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. नव्या वाद्यात तो सुमारे ३१ कंपनांवर आला. तारेची लांबी तीच ठेवून स्वर खाली आणावयाचा तर तार अधिक जाड करावी लागते किंवा तिचा ताण कमी करावा लागतो. जाड तार ताठर होते व तिचे उपस्वर मूळ स्वराशी नीट जुळत नाहीत; सैल तार बोटाखाली लुळी पडते. म्हणून लांबी वाढवून पाहणे आले. जॅक्सन ह्यांच्या पुढील वाद्यांत ती ३६ इंचांपर्यंत गेली. लांबी वाढली की डाव्या हाताचा ताण वाढतो, दांडी अधिक बळकट करावी लागते, वजनाचा तोल बिघडतो. एक स्वर खाली जाण्यासाठी वाद्याचा सारा देह पुन्हा रचावा लागला. अशा कामास कारखाना उपयोगी पडत नाही. त्याला एकेका वादकाशी बोलून काम करणारा कारागीरच लागतो.

ब्रुकलिनमध्ये अशा कारागिरांची एक परंपराच तयार झाली. स्टुअर्ट स्पेक्टर ह्यांच्यासाठी नेड स्टाइनबर्गर ह्यांनी १९७७ मध्ये शरीराला लगटून बसणाऱ्या वक्र धडाचा नमुना आखला. त्यानंतर थोड्याच काळाने स्टाइनबर्गर ह्यांनी कार्बन-तंतूंची, डोके नसलेली बेस गिटार काढून लाकडाच्या मक्तेदारीलाच आव्हान दिले. स्पेक्टर आणि नंतर केन स्मिथ ह्यांच्याकडे काम केलेल्या व्हिनी फोडेरा ह्यांनी जोई लॉरिसेला ह्यांच्या साह्याने १९८३ साली स्वतःची कार्यशाळा उघडली. जॅक्सन ह्यांच्या सहा तारी वाद्याचा पुढील विकास मुख्यतः तेथेच झाला. गुरूकडे उमेदवारी, मग स्वतंत्र दुकान आणि दुकानाच्या नावाने ओळखले जाणारे काम हा जुन्या कारागिरीचा क्रम यंत्रयुगातील एका वाद्याने अशा प्रकारे पुन्हा चालू केला.

४

ह्याच काळात, परंतु अगदी वेगळ्या कारणांनी, फेंडरच्या जुन्या वाद्यांनाही मोल चढू लागले. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस ह्या प्रसारण-कंपनीने फेंडरचा धंदा १ कोटी ३० लाख डॉलर देऊन विकत घेतला. उत्पादन वाढले, आणि त्याबरोबर दर्जा घसरला असा वादकांचा ग्रह झाला. १९८५ मध्ये सीबीएसने तो धंदा कंपनीतीलच एका गटास विकला. तोपर्यंत ‘सीबीएसपूर्व’ हा शब्द काळवाचक राहिलेला नव्हता. तो गुणवाचक बनला होता. वापरलेले वाद्य नव्यापेक्षा स्वस्त असावयाचे हा बाजाराचा साधा नियम येथे उलटा झाला.

जुन्यास मोल आले की जुनेपणाचा पुरावा लागतो. फेंडर ह्यांच्या मूळ कल्पनेने ह्या ठिकाणी संग्राहकांना विलक्षण अडचणीत आणले. ज्या वाद्याचा प्रत्येक भाग स्क्रू काढून बदलता येतो, ते वाद्य ‘मूळचे’ आहे असे कशावरून म्हणावयाचे? धड एका वर्षाचे, दांडी दुसऱ्या वर्षाची आणि पिकअप तिसऱ्याच वाद्यातील, अशी जुळणी सहज होऊ शकते. म्हणून संग्राहक वाद्य उघडून पाहतात. दांडीच्या टोकावरील तारीख वाचतात. परंतु ती दांडी तयार झाल्याची तारीख असते, वाद्य जोडल्याची नव्हे. धातूच्या पट्टीवरील क्रमांक पाहतात. परंतु त्या पट्ट्या क्रमवार लावल्या जात नसत, त्यामुळे मोठा क्रमांक मागाहूनचाच असेल असे नाही. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखालील घटकावर उत्पादकाचा संकेतांक, वर्ष आणि आठवडा कोरलेला असतो. असे घटक घाऊक घेऊन ठेवले जात. म्हणून त्यावरून वाद्य अमुक काळापूर्वीचे नाही एवढेच सिद्ध होते, अमुक काळातले आहे हे सिद्ध होत नाही. सांध्यांवरील डाखाला पुन्हा कधी हात लागला आहे काय, मूळ रंगाखाली दुसरा रंग दडला आहे काय, हेही पाहावे लागते.

अस्सल, नक्कल आणि बनावट कागद वेगळे करण्याच्या कामाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. एकच पुरावा निर्णायक नसतो. स्वतंत्र पुरावे एकमेकांशी जुळले तरच निष्कर्ष काढता येतो. आणि ज्या पुराव्यास बाजारात किंमत आहे त्याची नक्कल होण्याचा संभव सर्वांत अधिक, ही तिन्ही सूत्रे येथेही लागू पडतात. गोमेझ ह्यांच्या पेन्सिलीच्या अक्षरांना मोल आले ते ह्या मार्गाने. कारखान्याच्या उत्पादनात ज्याची ओळख पुसली जावयाची होती त्या कामगाराची सही आता शोधून वाचली जाऊ लागली.

कंपनीनेही ह्या ओढीचा अर्थ ओळखला. १९८२ मध्ये तिने १९५७ च्या व १९६२ च्या नमुन्यांची पुनर्निर्मिती बाजारात आणली. १९८७ मध्ये निवडक मागण्यांसाठी ‘कस्टम शॉप’ हा विभाग काढला. आणि १९९५ मध्ये ‘रेलिक’ नावाची वाद्ये विकावयास आरंभ केला. ह्या वाद्यांचा रंग मुद्दाम घासलेला, धातू मुद्दाम गंजविलेला व लाकूड मुद्दाम झिजविलेले असते. वापराने वस्तूची किंमत उतरते हा नियम ज्या कारखान्याच्या धंद्याचा पाया होता, त्याच कारखान्यात वापराच्या खुणा करण्यासाठी कारागीर नेमले गेले आणि त्या खुणांची वेगळी किंमत आकारली गेली.

५

कारागिरी आणि जुनेपणा ह्यांखेरीज मोलाचे आणखी एक कारण आहे. ते म्हणजे वाद्याने दिलेली साक्ष. अमुक संगीत ह्याच लाकडातून आणि ह्याच तारांतून निघाले, ही खात्री. हे कारण वरील दोन्ही कसोट्यांना जुमानत नाही.

जॅको पास्टोरियस (१९५१–१९८७) ह्यांची १९६२ सालची जॅझ बेस ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. संग्राहकाच्या नियमांप्रमाणे ह्या वाद्याची पुरती नासाडी झाली होती. पडदे उपटून त्यांच्या खाचा भरलेल्या, पट्टीवर इपॉक्सीचा कठीण लेप दिलेला, आणि पुढे तर वाद्याचे तुकडे होऊन ते पुन्हा सांधलेले. परंतु पडद्यांविना बेस गिटार कशी गाऊ शकते हे १९७६ साली पास्टोरियस ह्यांच्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेने ज्या पिढीला दाखविले, त्या पिढीच्या दृष्टीने ती नासाडी हाच त्या वाद्याचा इतिहास होता. १९८६ मध्ये ते न्यू यॉर्कमध्ये नाहीसे झाले आणि सुमारे वीस वर्षांनी पुन्हा प्रकट झाले. त्याच्या मालकीविषयी वाद उत्पन्न झाला आणि मेटॅलिका समूहातील बेसवादक रॉबर्ट त्रुहियो ह्यांच्या साह्याने तो मिटला.

पॉल मॅकार्टनी ह्यांची हॉफनर बेस हे आणखी पुढचे उदाहरण. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये त्यांनी ती सुमारे ३० पौंडांस घेतली ती स्वस्त होती म्हणून, आणि व्हायोलिनसारखा तिचा दोन्ही बाजूंनी सारखा आकार डावखुऱ्या वादकाला उलटा धरला तरी विसंगत दिसत नव्हता म्हणून. १९७२ च्या ऑक्टोबरात ती लंडनमध्ये गाडीतून चोरीस गेली. शोध घेणाऱ्यांच्या प्रयत्नांनी ती सापडून मॅकार्टनी ह्यांच्याकडे परत आल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. कारागिरीच्या मापाने सामान्य असलेले वाद्य पन्नास वर्षांनी शोधण्यासाठी माणसे कष्ट घेतात, ह्याचा खुलासा लाकूड अथवा विद्युत्‌मंडल ह्यांतून मिळत नाही.

तिसरे उदाहरण जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) ह्यांचे. डेट्रॉइटमधील मोटाऊन ह्या ध्वनिमुद्रण-संस्थेच्या १९६० च्या दशकातील असंख्य गीतांचा खर्ज त्यांच्या बोटांतून आला. परंतु त्या काळी मोटाऊनच्या मुद्रिकांवर साथीदारांची नावे छापण्याची रीत नव्हती. जेमर्सन व त्यांचे सहकारी ह्यांची नावे छापून आली ती १९७१ साली. त्यांचे मुख्य वाद्य १९६२ सालची, अगदी साधी, कारखान्यातून आली तशीच प्रिसिजन बेस हे होते. त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी ते चोरीस गेले. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम ह्या संस्थेने साथीदार वादकांचा सन्मान करावयास आरंभ केला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत जेमर्सन होते. वादकाला नाव मिळाले, वाद्य मात्र तोवर हातचे गेलेले होते. बेस गिटारच्या इतिहासातील बरेचसे श्रम असे निनावी आहेत. दांडी घासणाऱ्याचे श्रम आणि खर्ज धरणाऱ्याचे श्रम ह्यांत ह्या बाबतीत फारसे अंतर नाही.

६

आता तुलनेच्या प्रश्नाकडे वळता येईल. दोन वाद्ये समोर ठेवली असता त्यांत ज्यांचे माप घेता येते अशा पुष्कळ गोष्टी असतात: पडद्यांची समपातळी, दांडीची स्थिरता, वजनाचा तोल, प्रीॲम्पचा स्वतःचा गोंगाट, सर्वांत खालच्या तारेची स्पष्टता. ह्या बाबतीत कुशल कारागिराचे नवे वाद्य बहुधा सरस ठरते. परंतु ते सर्वच दोषांतून मुक्त होते असे नाही. दांडी ही स्वतः एक कंप पावणारी वस्तू आहे. तारेच्या कंपनसंख्येशी दांडीची स्वाभाविक कंपनसंख्या जुळली की तारेची शक्ती दांडीत शिरते आणि तो स्वर लवकर विझतो. चार तारी वाद्यात असे मृतस्थान बहुधा सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास, म्हणजे १३० ते १४७ कंपनांच्या टापूत सापडते. दांडी अधिक ताठ केल्यास ते सरकते. कार्बन-तंतूंच्या दांडीमागे हाही एक विचार होता. केवळ किंमत वाढविल्याने मात्र ते नाहीसे होत नाही.

कानाच्या साक्षीविषयी तर अधिकच सावध राहणे अवश्य आहे. व्हायोलिनच्या बाबतीत २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे व २०१२ मध्ये पॅरिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन व त्यांचे सहकारी ह्यांनी वादकांस दिसणार नाही अशी व्यवस्था करून जुनी इटालियन वाद्ये व नवी वाद्ये वाजवावयास दिली. कोणते जुने व कोणते नवे हे वादकांना खात्रीने ओळखता आले नाही, आणि पसंतीचा कौल नव्या वाद्यांकडे झुकला. व्हायोलिन व बेस गिटार ही वाद्ये भिन्न आहेत हे खरे. तरीही माहितीने कान रंगतो, हा ह्या प्रयोगांचा धडा दोहोंसही लागू आहे. ‘सीबीएसपूर्व’ ह्या गुणवाचक शब्दाची कसोटीही एका उदाहरणाने लागते. मार्कस मिलर ह्यांचा सुप्रसिद्ध नाद १९७७ सालच्या, म्हणजे निंदिल्या गेलेल्या काळातल्या जॅझ बेसचा आहे. न्यू यॉर्कच्या रॉजर सॅडोव्स्की ह्यांनी तिच्यात प्रीॲम्प बसविला आणि ती ध्वनिमुद्रणगृहाच्या कामास योग्य केली. कारखान्याचे वाद्य, कारागिराचा हात आणि वादकाचा अंगठा ह्यांपैकी श्रेय कोणाला किती, हे येथे वेगळे काढता येत नाही.

मालकीलाही ह्या काळात नवा अर्थ आला आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून फेंडरच्या वाद्यांत पडद्यांखाली शिसवाची पट्टी येऊ लागली. त्या काळी मान्यता होती ती ब्राझीलच्या शिसवाला. तो दुर्मिळ होऊ लागल्यावर अमेरिकी गिटारकारांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भारतीय शिसवाकडे अधिकाधिक मोर्चा वळविला. सह्याद्रीच्या रानांतही वाढणारा शिसव तो हाच. वन्य जीव व वनस्पती ह्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारान्वये ब्राझीलच्या शिसवाला १९९२ मध्ये सर्वांत कडक संरक्षण मिळाले. २०१७ च्या आरंभापासून त्या कुलातील सर्वच जाती, भारतीय शिसवासह, नियंत्रणाखाली आल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट दिली गेली. ब्राझीलच्या शिसवाला मात्र ती लागू नाही. म्हणजे जुन्या वाद्याचा धनी सीमा ओलांडू इच्छितो तेव्हा ते लाकूड कोणते व केव्हाचे हे त्याला कागदाने सिद्ध करावे लागते. डबल बेस प्रवासाला अवघड म्हणून जे वाद्य निर्माण झाले, त्याच्याच सर्वांत मोलवान प्रतींचा प्रवास आज असा अडला आहे.

७

ह्या विवेचनावरून असे दिसते की, बेस गिटारच्या उच्च मोलाला निदान तीन स्वतंत्र उगम आहेत. पहिला कारागिरीचा, त्याचा आधार वादकाची गरज हा आहे आणि तो वाद्य वाजवूनच तपासता येतो. दुसरा जुनेपणाचा, त्याचा आधार पुरावा हा आहे आणि तो वाद्य उघडून तपासावा लागतो. तिसरा साक्षीचा, त्याचा आधार स्मृती आहे, आणि त्याच्या सत्यासत्यतेचा निर्णय वाद्याच्या बाहेर, ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे व माणसांच्या आठवणी ह्यांत करावा लागतो. एका वर्गातील वाद्याची दुसऱ्या वर्गातील वाद्याशी तुलना करणारा मनुष्य बहुधा एका उगमाचा पुरावा दुसऱ्या उगमाच्या समर्थनार्थ पुढे करतो. जुने आहे म्हणून ते चांगले वाजते, किंवा चांगले वाजते म्हणून ते थोर आहे, ही विधाने कदाचित खरी असतील. परंतु त्यांतील ‘म्हणून’ हा शब्द सिद्ध करावा लागतो.

ह्या तीन उगमांचे परिणामही सारखे नाहीत. कारागिरीचे मोल वाद्याला वादकाच्या हातात ठेवते, कारण तेथेच ते प्रत्ययास येते. जुनेपणाचे मोल वाद्याला वादकाच्या हातातून काढून पेटीत ठेवू पाहते, कारण प्रत्येक नवी खूण ही किंमतीतील घट ठरते. जेमर्सन ह्यांनी आपली प्रिसिजन बेस जपली ती वाजविण्यासाठी. तसलेच वाद्य आज विकत घेणारा मनुष्य ते वाजविण्यास कचरतो. फुलर्टनच्या रेडिओदुरुस्ती करणाऱ्याने नृत्यगृहातील सामान्य वादकासाठी, मोडले तर दुरुस्त करता यावे म्हणून चार स्क्रूंवर बसविलेले हे वाद्य. त्याच्या जुन्या प्रतींचे स्क्रू आज फिरविले जातात ते बहुधा दुरुस्तीसाठी नव्हे. दांडीच्या टोकावरची पेन्सिलीची अक्षरे अजून तेथे आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी.